नवशिक्यांसाठी: बाहुलीचं लग्न कसं काढावं

बाहुलीला भूक लागत नाही, असं ज्यांचं मत असेल त्यांनी हे पान उलटून पुढं जावं. उरलेल्यांनी हात धुवून बसावं.

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात राहणाऱ्याला या छंदात एक जन्मजात फायदा आहे. निम्मं साहित्य वाडीत आणि किनाऱ्यावर फुकट पडलेलं असतं. तोटा इतकाच, की ते गोळा करताना लोक बघतात. भर दुपारी सुरूच्या बनात वाकून वाकून आपण काय वेचतो आहोत, याचं उत्तर घरातून निघतानाच तयार ठेवा. ‘नातीसाठी’ हे उत्तर सगळीकडे चालतं. नात असलीच पाहिजे असं नाही. ‘कामाला लागतं’ असं मात्र म्हणू नका. पुढचा प्रश्न ‘कसल्या कामाला?’ असा येतो, आणि बाहुलीकडे फणसाची भाजी करायची आहे हे काही नाक्यावर उभं राहून सांगण्याजोगं सत्य नाही. सुरूचं वाळलेलं फळ म्हणजे हुबेहूब फणसाची कुयरी. ते फक्त हिरवं रंगवायचं असतं.

हल्ली या उद्योगाला मिनिएचर म्हणतात, त्याचे वर्ग निघतात आणि पैसे भरून बायका शिकायला जातात. त्यांच्या आज्या हेच सगळं रुखवताच्या नावाखाली करत होत्या. सुपारीला नाकडोळे काढायचे, जरीच्या कातरणाचं उपरणं घालायचं, आणि नवरानवरी, भटजी, करवली, सनईवाला, झालंच तर रुसलेली विहीण, असं अख्खं लग्न एका ताटात बसवायचं. शेजारी बोटभर पोळपाट-लाटणं, जातं, उखळ. संक्रांतीला तर नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला आपण हलव्याचे दागिने घालतो, म्हणजे खायचा पदार्थ दागिना म्हणून अंगावर चढवतो. तेव्हा परंपरा आपल्या बाजूची आहे. घरच्यांचा विरोध झाला तर हा मुद्दा मांडावा. टिकेल असं नाही.

माप

सगळ्यात आधी माप ठरवा. या छंदात जी भांडणं होतात त्यातली बरीचशी मापावरून होतात, उरलेली वरपक्षावरून. त्यांच्याकडे नंतर वळू.

जगात चालणारं खानदानी माप एकास बारा, म्हणजे एका फुटाला एक इंच. नवी दिल्ली आखणाऱ्या ल्यूटन्सनंच इंग्लंडच्या राणी मेरीसाठी या मापाचं एक बाहुलीघर आखलं. ते १९२४ साली पुरं झालं आणि आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, लिफ्ट वरखाली होते, नळाला पाणी येतं आणि तळघरातल्या नखाएवढ्या बाटल्यांत खरी वाइन भरलेली आहे. नवशिक्यानं या वाटेला जाऊ नये. नळ आपणही करू शकतो. पाणी येईलच असं नाही, पण आपल्याकडे तेही वास्तवाला धरूनच होईल.

आपण एकास सहा धरावं. १९५९ साली बाजारात आलेली बार्बी या मापाची आहे. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे खऱ्या आयुष्यात पाच फूट नऊ इंच. एवढी उंच मुलगी म्हटल्यावर आपल्याकडचा वरपक्ष पत्रिका जुळत नाही असं कळवतो. तेव्हा बाहुली घरीच करावी आणि सव्वादहा इंचांच्या आत ठेवावी. नारळाच्या झावळीचे हीर एकत्र बांधून हाडं, त्यावर चिंध्यांचं मांस, आणि डोकं म्हणून श्रीवर्धनची रोठा सुपारी. डोकं मापाला जरा लहान पडतं. अंबाडा घसघशीत घातला की लक्षात येत नाही.

डोळे शेवटी काढायचे. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे स्वतंत्र काम समजतात आणि ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याचकडे ते जातं. नवशिके आधी गोल काढतात, त्याच्या मधोमध ठिपका देतात, आणि बाहुली भूत पाहिल्यागत दिसते. वरच्या पापणीची रेघ आधी काढा. बुबुळ त्या रेघेखाली थोडं झाकलं गेलं पाहिजे. एवढं साधलं की बाहुली शांत दिसू लागते. लग्नाच्या दिवशी हे कितपत शोभतं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

स्वयंपाक

आता खऱ्या विषयाकडे येऊ. बाहुलीच्या स्वयंपाकाचा पहिला नियम असा, की खरा पदार्थ खरा दिसत नाही. तळलेल्या पापलेटला रवा लावायचा म्हणून कोणी खरा रवा लावला, तर ते पापलेट खडीत लोळून आल्यासारखं दिसतं. कारण मासा सहापट लहान झाला, रवा झाला नाही. माशाला तांदळाचं वस्त्रगाळ पीठ लावा. मग रव्याचं काय करायचं? त्याचा भात होतो. जाड रवा म्हणजे बाहुलीच्या घरचा आंबेमोहोर. तिची लांब दाण्याच्या भाताचीच खोड असेल तर मात्र शेवया घेऊन ब्लेडनं कापत बसावं लागेल. तशा सवयी बाहुलीला लावू नयेत.

याच नियमानं सगळं धान्य एकेक पायरी खाली उतरतं. राजगिऱ्याच्या मोत्यांच्या मुंडावळ्या होतात, खसखशीच्या अक्षता. साबुदाण्याचा कांदा होतो, आणि तो आपल्या तालुक्याचा असल्यानं त्याच्यावर जरा रेंगाळू. वडखळहून अलिबागला येताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि त्याच्या नावाखाली भलताच कांदा गळ्यात मारणारेही तयार झाले आहेत. बाहुलीच्या माळेत तरी भेसळ नको. सुतळी उसवून तिचे तीन पदर घ्या, घट्ट वेणी घाला, आणि मोठा साबुदाणा एकेक करून गोंदानं दोन्ही बाजूंनी चिकटवत जा. साबुदाण्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, तो फुटतो. प्रत्येक कांद्याला तळाशी तपकिरी पेन्सिलीचा ठिपका द्या. ती मुळं. ठिपका दिला नाही तर पाहणारा म्हणतो, ‘अय्या, मोत्याची माळ!’ आणि आपली सगळी दुपार फुकट जाते.

सहापट लहान करायची गरज नसलेला एकच जीव परमेश्वरानं निर्माण केला आहे. तो म्हणजे जवळा. सुका जवळा जसा आहे तसा ताटलीत ठेवला की बाहुलीच्या मानानं ती टपोरी कोळंबी होते. मिशा, पाय, डोळ्याचा काळा ठिपका, सगळं जागच्या जागी. इतकं बारीक काम पेणच्या कारागिरालाही जमणार नाही. निवडून अख्खे दाणे घ्या, उन्हात कडक करा आणि पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. वास पूर्ण जात नाही. माणसाला येत नाही, पण मांजराला येतो, आणि रायगडच्या किनाऱ्यावर मांजर नाही असं घर सापडणं कठीण. एखाद्या सकाळी बाहुली आडवी आणि कोळंबी गायब असेल तर चोर शोधायला लांब जायला नको.

मोदक, भाकरी, पापलेट यांच्यासाठी कृत्रिम उकड लागते. फेव्हिकॉल एक वाटी, कॉर्नफ्लोअर एक वाटी, व्हिनेगर दोन चमचे, बेबी ऑइल दोन चमचे. जुन्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. कडा सोडून गोळा झाला की उतरवायचं, आणि कोमट असतानाच तेलाचा हात लावून मळायचं. वाळताना हा गोळा आक्रसतो, म्हणून वस्तू जराशी मोठी करावी. शिवाय वाळल्यावर तो किंचित पारदर्शक होतो. भाकरीला हे चालत नाही, तिच्यासाठी मळतानाच पांढरा पोस्टर कलर घालावा. मोदकाला मात्र तीच पारदर्शकता हवी असते. आतलं सारण बाहेरून सावलीएवढं दिसलं पाहिजे, म्हणून गुळाच्या रंगाचा कण आधी आत भरायचा. दोन इंचांचा मोदक एकास सहाला आठ मिलिमीटरचा होतो. पाकळ्या सुईनं ओढायच्या. एकवीस मोदकांचा संकल्प सोडू नका, पाच केले तरी बाप्पा समजून घेतो.

एक इशारा. ही उकड आणि खरी उकड शेजारी शेजारी झाकून ठेवू नये. दिसायला दोन्ही एकच. घरातल्या माणसांना फरक खाल्ल्यावर कळतो.

ताटांची चिंता नको. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या धुवून घासून ठेवायच्या, पंगतीची ताटं झाली. सोलकढीच्या वाटीसाठी गोल टिकली उलटी करून बसवतात, पण ती उथळ पडते. त्यापेक्षा औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले फुगवटे कापून घ्यावेत. पितळी भातुकली पुण्याच्या तुळशीबागेत अजून मिळते आणि ती सुबक असते. फक्त विकत घेताना पट्टी बरोबर ठेवा, नाहीतर कढई घंगाळाएवढी आणि घंगाळ वाटीएवढं असा संसार मांडला जातो. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं तर पाहत राहावीत अशी. पण तिथला आंबा बाहुलीच्या हातात दिला की कलिंगड होतं. ती फळं माणसांच्या बैठकीत ठेवावीत.

पहिला पदार्थ कोणता करावा, असं विचाराल तर पोपटी. बाकीचे लोक मोदकानं सुरुवात करतात आणि आठवड्याभरात छंद सोडतात. पोपटी हा आपल्याकडचा थंडीचा, शेतावरचा प्रकार. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठमसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा पाला. तोंड पाल्यानंच घट्ट बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. बाहुलीच्या पोपटीसाठी उंडीचं वाळलेलं फळ घ्या. बाजूला भोक पाडून आतला गर टोकरून काढला की चांगलं टणक मडकं हाती येतं. ते काळं रंगवा, उपडं ठेवा, भोवती नारळाचा काथ्या पिंजून विस्कटा आणि रांगोळीच्या चिमटीत कोळशाची पूड मिसळून राख पसरा. झालं. आत काही केलं नाही तरी चालतं, कारण मडकं उपडं आहे. नवशिक्याला याहून उदार पदार्थ सापडणार नाही: जळकं, काळं, वेडंवाकडं, आणि तरीही बरोबर.

पण केव्हातरी मडकं उघडायची हौस येतेच, आणि तिथून खरं शिक्षण सुरू होतं. वालाची शेंग किती वाकडी असते? भाजल्यावर तिच्यावर सुरकुत्या उभ्या पडतात की आडव्या? आयुष्यभर पोपटी खाल्लेल्या माणसाला हे सांगता येत नाही. त्यासाठी बघायला लागतं. सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. पुण्याचा शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा ज्यांनी केला ते हे करमरकर, याच गावचे. तिथं त्यांनी सिमेंटमध्ये केलेली म्हैस आहे. ती जाऊन बघा आणि मग गावातली खरी म्हैस बघा. त्यांनी काय पाहिलं होतं आणि आपण इतकी वर्षं काय पाहत होतो, हे तिथं उभ्या उभ्या समजतं. पुतळा मोठा आणि बाहुली लहान, नजर दोन्हीकडे तीच लागते.

मासळीच्या पाटीसाठी बंदरावर जा. पाटीत मासे शिस्तीत लावलेले नसतात, पण वाटेल तसे टाकलेलेही नसतात: डोकी बहुतेक एकीकडे, मोठे वर, पोटाची चकाकी गिऱ्हाईकाकडे. निरखत उभं राहिलात की ‘घेनार हाय का नुस्तीच बगनार?’ असा सवाल येईल. अर्धा किलो मांदेली घ्या, मग बिनधास्त बघा. ही मांदेली छंदाच्या खर्चात धरायची नाही.

वरपक्ष

बाहुली आपली असली की बाहुला दुसऱ्याचा असतो, आणि बाहुला ज्याचा त्याचा तोरा. वयाचा इथं काही संबंध नाही. पेन्शन घेणाऱ्या बायकाही बाहुल्याची आई झाल्या की मानपान काढतात. आहेराचं उपरणं मापाचं नाही, पंगतीत कोळंबी आधी आमच्याकडे का आली नाही, करवलीला (ती पण बाहुलीच) चौरंग का दिला नाही, अशा कुरबुरी होणारच असं धरून चालावं. रुखवताचा तर स्वतंत्र घोळ आहे. बाहुलीच्या लग्नात रुखवत मांडायचं, आणि रुखवतात सुपारीचं लग्न हवं. म्हणजे त्या लग्नासाठी बाहुलीच्या मापाची सुपारी. त्या जागी मोहरी वापरतात. मोहरीच्या नवरीचं रुखवत कुठं आहे, असं कोणी विहीणबाई विचारतील तर त्यांना भिंग द्यावं आणि शोधायला बसवावं.

खरी अडचण लग्नानंतरची आहे. रीतीप्रमाणे मुलगी सासरी जाते. महिनोन् महिने खपून केलेली बाहुली, तिची साडी, तिची पोपटी, कांद्याची माळ, सगळं उचलून शेजारणीच्या कपाटात. आपल्या आज्यांच्या खेळात रडारड व्हायची ती याच टप्प्यावर, आणि ती खोटी नसायची. म्हणून बोलणी करतानाच घरजावई ठरवून घ्या. कागदावर. दोन्हीकडच्या सह्यांनी.

कपडालत्ता

नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. एकास सहाला साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच. पन्हा ४५ इंचांचा धरला तर साडेसात इंच. गणित सोपं आहे, कापड ऐकत नाही. रव्याचाच न्याय इथंही लागतो: लांबी सहापट कमी झाली, जाडी झाली नाही. ५४ इंचांचं नवं कापड बाहुलीच्या कमरेला गुंडाळलं तर निऱ्यांचा असा बोंगा होतो की वरपक्षाला भलतीच शंका येते. यावर तोडगा म्हणून बहुतेकजणी दीड-दोन फुटांत काष्टा शिवून टाकतात. खऱ्या नवऱ्याही आता शिवलेली नऊवारी घालून उभ्या राहतात, तेव्हा बाहुलीला नावं ठेवायचं कारण नाही. तरी मन खातं.

छापाचंही तसंच. साडीवरचं फूल बोटभर असेल तर बाहुलीच्या अंगावर ते सूर्यफूल होतं. कोळी बाहुल्याचा चौकड्यांचा रुमाल दुकानात मिळणारच नाही, कितीही बारीक चौकडा आणला तरी मोठाच ठरतो. पांढऱ्या मलमलीवर लाल पेननं रेघा मारायच्या. पैठणीचा काठ म्हणून पाव इंची जरीची पट्टी लावावी. निऱ्या बसत नसतील तर भाताच्या पेजेची खळ करा, कापड ओलं असतानाच एकेक निरी टाचणीनं बसवा आणि सुकू द्या. पेणजवळ हमरापूरच्या बाजूला हल्ली गणपतीला खऱ्या कापडाची धोतरं आणि फेटे चढवतात. तिथं चिकटवलेल्या चुण्या कशा वळवल्या आहेत ते एकदा नीट न्याहाळून यावं.

थाटमाट झाला की फोटो काढा आणि पावसाच्या आत सगळं आवरा. आपल्याकडची हवा मृगानंतर कापडाला, गोंदाला आणि माणसालाही कोरडं ठेवत नाही. कॉर्नफ्लोअरची भाकरी आषाढात हिरवी पडते. ती बाजरीची आहे असं सांगून एखादा दिवस निभावतो, पुढं तिच्यावर लव येते. खाद्यपदार्थ वॉर्निश करून स्टीलच्या घट्ट डब्यात, खाली कोरड्या तांदळाचा थर, वर कागद. कपडे वेगळे, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात. जवळा तिसऱ्या डब्यात, आणि तो डबा मांजराला उघडता येत नाही याची खात्री करून. नव्या वस्तू माघात कराव्यात, लग्न मे महिन्यात पोरं सुट्टीला आली की काढावं.

आता विनंती. ५४ इंचांची पुरी नऊवारी फक्त एकाच कापडात नेसवता येते: वर्षानुवर्षं धुऊन धुऊन विरलेलं सुती लुगडं. त्याची जाडी जाते आणि अंगाबरोबर पडण्याचा गुण तेवढा उरतो. असलं कापड कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ते आजीच्या ट्रंकेत असतं, नाहीतर पोछा म्हणून बादलीवर वाळत पडलेलं असतं. तुमच्या घरी असेल तर गोधडीला देण्याआधी त्यातला एक तुकडा बाजूला काढा: ५४ इंच लांब, साडेसात इंच रुंद. काठ नको, तो आमचा आम्ही लावू.